गणपतरावांच्या देवघरातला पेनड्राइव्ह

नेसरी मागं टाकून डोंगराच्या कडेकडेनं आत यावं. जिथं ऊस संपतो आणि भात सुरू होतं, तिथं आमचं गाव. गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो, कच्च्या धारोष्ण दुधाचा. सकाळी आणि दिवस कलताना सारं गाव हातात किटली घेऊन एकाच दिशेनं चालत असतं. ती दिशा दूध संस्थेची, आणि संस्थेच्या खिडकीपलीकडं बसते ती क्रांती.

क्रांती या गावची सून. संस्थेत ती आली ती कॅन धुवायला. मग दुधाचं फॅट बघायला शिकली, मग वजन घ्यायला, आणि आधीचा सचिव नोकरी सोडून पुण्याला गेला तेव्हा कॉम्प्युटरपुढं बसायला दुसरं कुणी धजेना म्हणून तीच बसली. सासरी कपाटाची चावी सासूकडं, ट्रंकेची सासऱ्यांकडं. संस्थेची जाडजूड पितळी चावी ही तिच्या कमरेला आलेली पहिली चावी. ती चावी कमरेला खोचून ती घरात वावरायची तेव्हा भांड्यांचा आवाजसुद्धा कमी व्हायचा, असं शेजारच्या चिमणाबाई सांगतात.

संस्थेचा कॉम्प्युटर म्हातारा. सुरू केला की म्हशीचं रवंथ संपायचं, पण त्याचं उठणं संपायचं नाही. शेवटी क्रांतीनं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एका दुपारी त्यात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची, मोकळी व्यवस्था. पेनड्राइव्हवरून ती आत भरताना मशीननं मधेच एक प्रश्न विचारला: मला उठवणारा जो पहिला तुकडा, तो ठेवू कुठं? दोन नावं समोर आली. क्रांतीनं त्यातलं एक निवडलं. मशीन झटक्यात उठलं, दुधाची पावती छापली, आणि मागं खोचलेला पेनड्राइव्ह तिनं तसाच राहू दिला. चालत्या गोष्टीला बोट लावायचं नाही, हा आमच्याकडं विहिरीच्या मोटारीपासून संसारापर्यंतचा रिवाज आहे.

चेअरमन गणपतरावांना हे रुचलं नाही. त्यांचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा राजवर्धन, गडहिंग्लजला कॉम्प्युटर विकतो. सचिवाच्या खुर्चीत भाचा बसावा, ही त्यांची जुनी इच्छा. भरल्या सभेत ते म्हणाले, "फुकटात मिळतंय त्यात काय दम असणार? ज्या दिवशी हे लिनक्स उठणार न्हाई, त्या दिवशी चावी माझ्या हातात द्यायची. हाय कबूल?"

"हाय," क्रांती म्हणाली. सारं गाव साक्षीला होतं.

मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कोयता, खुरपं, नांगराचा फाळ सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि त्याची पूजा करतात. ज्यानं वर्षभर पोट भरलं त्याला एक दिवस बसू द्यायचं. पाटावर बसलेलं अवजार दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी उचलायचं नाही. संस्थेच्या अवजारांची पूजा चेअरमनच्या देवघरात होते आणि ती मांडते आक्का. आक्का म्हणजे गणपतरावांची थोरली बहीण. गणपतराव तालुक्यात कुणाला भीत नाहीत आणि घरात आक्काशिवाय कुणाला भीत नाहीत.

सकाळचं दूध घेऊन झालं, क्रांतीनं मशीन बंद केलं, तेवढ्यात आक्का बुट्टी घेऊन आल्या. जुनं पितळी माप, दूध ढवळायची पळी, शिक्का, सगळं बुट्टीत गेलं. मग त्यांची नजर कॉम्प्युटरवर पडली.

"आणि ह्येचं काय? ह्ये बी राबतंयच की वर्षभर."

"आक्का, ते केवढं जड हाय. कुटं नेताय?"

"समदं कशाला न्हेऊ? नांगर कोण देवघरात आणतंय? फाळ आणत्यात." असं म्हणून आक्कांनी मागं खोचलेला पेनड्राइव्ह उपटला. "ह्यो ह्येचा फाळ."

"न्या की," क्रांती म्हणाली, आणि झाडू मारायला लागली.

दिवस कलला. देवाच्या नवमीला माणसं सुट्टी घेतात, म्हशी घेत नाहीत. किटल्यांची रांग लागली. क्रांतीनं बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एकच ओळ आली. तिचा अर्थ असा, की मशीन चालू करता येईल असं काही सापडत नाही. तिनं बंद करून पुन्हा लावलं. तीच ओळ. वायरी काढून पुन्हा खोचल्या. तीच ओळ.

"क्रांते, उठत नसंल तर त्येला वाईच च्या पाज गं!" चिमणाबाई रांगेतून ओरडल्या. "आमचं मालक बी तसंच उठत्यात."

रांग हसली. हसण्याचा आवाज ऐकून गणपतराव आले. त्यांनी पडदा बघितला आणि त्यांच्या मिशीखाली दसरा एक दिवस आधीच उजाडला.

"काय सचिवबाई? लिनक्स मेलं व्हय?"

"मेलं न्हाई आण्णा. बघतीया."

"दुधाचा टँकर येईस्तवर बघा, उठलं तर चावी परत. चावी मातर आत्ताच हिकडं. सभेतला शबुद हाय."

दूध कागदावर लिहूनही घेता आलं असतं. पण शब्द दुधाचा नव्हता, मशीन उठायचा होता. क्रांतीनं कमरेची चावी काढली आणि दिली. गणपतरावांनी ती करंगळीत अडकवली आणि फिरवायला लागले.

तिनं मशीन पुन्हा लावलं, एक बटण दाबून धरलं आणि मशीनला काय काय जोडलंय ते सांगणारा आतला फलक पडद्यावर उघडला. हार्डडिस्क जिथल्या तिथं होती. म्हणजे गावाचं दूध, फॅट, नावं, सगळं जागेवर. मग उठत का नाही? तिनं फलक पुन्हा वाचला. लिनक्स घालताना तिथं आणखी एक नाव होतं, आज नव्हतं. ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली.

"यडी झाली का काय?" गणपतराव म्हणाले.

"आण्णा, तुमचं जुनं डिझेल इंजन कसं सुरू व्हायचं?"

"हँडल मारून."

"आणि सुरू झाल्यावर?"

"हँडल काढून ठेवायचं. त्येचं काय आता?"

"ह्या मशीनला उठवणारं हँडल त्या पेनड्राइव्हात हाय. मीच चुकून तिथं ठेवलं. इंजन हितं हाय, आणि हँडल तुमच्या देवघरात पुजलंय."

सगळ्यांना सगळं कळलं, आणि हेही कळलं की आता काही होत नाही.

तरी सगळी रांग किटल्यांसकट गणपतरावांच्या घरी गेली. देवघरात कोयत्या-खुरप्यांच्या मधोमध, विड्याच्या पानावर, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन पेनड्राइव्ह बसला होता. एखाद्या नव्या जावयासारखा.

"उद्या," आक्का म्हणाल्या. "सोनं लुटल्यावर न्या."

"आक्का, माझी चावी कायमची जाईल."

"जाऊंदे न्हाईतर ऱ्हाऊंदे. पाटावरचं उचलायचं न्हाई. माझ्या आईनं उचललं न्हाई, मी उचलू देणार न्हाई."

गणपतराव भक्तिभावानं मान डोलवत होते. एवढी श्रद्धा त्यांच्या तोंडावर कुणी कधी पाहिली नव्हती.

क्रांती पाटाकडं बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आक्का, उचलायचं न्हाई. पर ते हाय तिथंच असताना मशीन त्येच्या दर्शनाला आणलं तर?"

आक्कांनी पुष्कळ विचार केला. "दर्शनाला कुणाला न्हाई म्हणायचं?"

मग जे निघालं त्याला मिरवणूकच म्हणावं लागेल. कॉम्प्युटर, वजनकाटा, फॅटचं मशीन, सगळं डोक्याखांद्यावरून गणपतरावांच्या घरात आलं. कुणीतरी हलगीसुद्धा काढली. संस्थेत रेंज धरायला इंटरनेटचं डोंगल एका लांब वायरनं खिडकीत टांगलेलं असायचं. क्रांतीनं ती वायर सोडवून आणली. आक्कांनी आधी वायरीला हळदीकुंकू लावलं, मग पेनड्राइव्ह बोटानं जागेवर दाबून धरला आणि क्रांतीनं तो जराही न हलवता वायर जोडली.

बटण दाबलं. तीच पांढरी ओळ.

क्रांतीनं वायर काढून वाकून बघितलं. "आक्का, पेनड्राइव्हच्या तोंडात कुंकू गेलंय. पुसाय लागतंय."

"देवाफुडचं कुंकू पुसतीस? सवाशीण हाईस न्हवं?"

"मग?"

आक्कांनी इकडं तिकडं बघितलं. "वाऱ्यानं उडालं तर कुणाचा दोष न्हाई. गणपा, हिकडं ये. फुंकर मार."

"मी?" गणपतरावांची करंगळी थांबली.

"तुझ्याच छातीत वारा हाय. सभेत बोलतोस तवा कळतंय."

चेअरमन गुडघ्यावर आले, पोट सावरून पाटापुढं ओणवे झाले आणि आपल्या भाच्याच्या नोकरीवर स्वतःच फुंकर मारली. एकदा मारली ती मिळमिळीत होती. आक्कांनी नुसतं बघितलं. दुसरी अशी मारली की समई विझली आणि कुंकू सगळं मिशीवर आलं.

क्रांतीनं वायर पुन्हा जोडली, बटण दाबलं. अक्षरं धावली, पडदा निळा झाला, मशीन उठलं. रांगेत आरोळी झाली.

"थांबा, थांबा," गणपतराव मिशी झटकत म्हणाले. "ह्यो देवाचा टेकू झाला. टेकू काढून उठवून दाखवा. तर खरं."

चिमणाबाई म्हणाल्या, "दूध आटपून घे गं, त्येंचं काय ऐकतीस?"

पण क्रांती खाली बसली. तिनं पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि एक हुकूम टंकला: उठवणारा तुकडा आता मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर लिही. नाव दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, मग दाबलं. मशीननं कळवलं की काम झालं, चूक नाही. मग तिनं मशीन बंद केलं आणि स्वतःच्या हातानं वायर काढली. पेनड्राइव्ह पाटावर होता तसाच बसून राहिला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. घरात एवढी माणसं असून भिंतीवरच्या पालीचा आवाज आला. क्रांतीचा हात आपोआप कमरेकडं गेला, तिथं काही नव्हतं. मग अक्षरं आली, भराभर खाली सरकली आणि पडदा निळा झाला.

गणपतरावांनी करंगळीतली चावी काढली आणि कीबोर्डवर ठेवली.

"गणपा," आक्का म्हणाल्या, "हातात दे."

त्यांनी उचलली आणि हातात दिली. क्रांतीनं ती कमरेला खोचली, पदर सारखा केला, वजनकाटा शून्यावर आणला.

"आण्णा, वाईच बाजूला सरा," ती म्हणाली. "रांग अडतीया."