बीरगंजला बर्फ पडत नाही

माझ्या धाकट्या बहिणीला नेपाळातल्या बीरगंजचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो हे कुणी विचारलंच नाही. आईने हातातलं लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "नेपाळ? बर्फात देऊ पोरीला?" झालं. घोडं तिथेच अडलं.

तिच्या भीतीला कारण होतं. बहिणीला लहानपणापासून दमा. नंदुरबारला थंडी पडायला लागली की गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला की आमची अख्खी गल्ली ठसकते. बाकीच्यांचा ठसका पाणी प्यायल्यावर थांबायचा. तिचा थांबायचा नाही, पंप काढावा लागायचा.

आम्ही मूळचे राजस्थानचे. पणजोबांनी इथे येऊन कापडाचं दुकान टाकलं. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि शाळेत मराठी बोलत आम्ही दोघी वाढलो. बीरगंजलाही आमच्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करतात, त्यामुळे स्थळ काही उपटसुंभ नव्हतं, नात्यातूनच आलं होतं. दिवाळीनंतर मुलाकडचे येऊन बघून गेले. मुलगा शिकलेला, बोलायला सरळ. बहीण हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही, पण माझ्या फोनवर आलेला त्याचा फोटो तिने गुपचूप स्वतःच्या फोनवर घेतला. मी समजायचं ते समजले.

पण बाबूजींचा, म्हणजे वडिलांचा, होकार काही निघेना. बाबूजी थंडी मोजतात ती गिऱ्हाइकावरून. मोलगीकडचा माणूस दुकानात शिरला की न विचारता जाड ब्लँकेट काढायचं, कारण वर सातपुड्यात पहाटे गवतावरचं दव गोठतं. खाली सपाटीवरच्या म्हसावदचं गिऱ्हाईक असेल तर सोलापुरी चादर पुरते. एकाच जिल्ह्यातले हे दोन हिवाळे त्यांना तोंडपाठ. पण नेपाळचं गिऱ्हाईक आमच्या दुकानात कधी आलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी येईल त्याला विचारायचा सपाटा लावला. रनाळ्याचे एक शेतकरी काका, जे सुरतेच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत, त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "शेठ, तठे ते बारा महिना बरफ ऱ्हास. तुम्हनी आंडेर काकडी जाई." पोरगी गारठून जाईल, हे बाबूजींनी घरी येऊन आईला सांगितलं आणि आईने डोळ्याला पदर लावला.

मला चुकीचं बोललेलं सहन होत नाही. ही माझी जुनी खोड, सासरीही सगळ्यांना माहीत आहे. सासर चार गल्ल्या सोडूनच, त्यामुळे मी रोज माहेरी जाऊन भांडायला मोकळी. मी नकाशा उघडून बाबूजींच्या नाकापुढे धरला. हे बघा बीरगंज, बिहारला चिकटलेलं. डोंगर नाही की टेकडी नाही, नुसती सपाट शेतं. उंची बघा, आपल्या नंदुरबारपेक्षाही कमी. उन्हाळ्यात आपल्यासारखंच भाजून निघतं. आपल्या सातपुड्यात डाबला, तोरणमाळला दव गोठतं ते तुम्हाला चालतं, आणि तिथे नसलेल्या बर्फाला घाबरताय?

बाबूजी ऐकून घेत. मग एक दिवस म्हणाले, "बर्फाचं राहू दे. त्यांना विचार, रजाईत कापूस किती किलो भरतात."

मी हसले, पण फोन लावला. मुलाच्या आईने सांगितलं, तीन किलो, म्हाताऱ्या माणसांना चार. बाबूजी म्हणाले, "मैदानी मुलखात तीन किलो?" मी म्हटलं, "बाबूजी, हौस असते एकेकाची." आणि पुन्हा उंचीचा आकडा दाखवला. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. मी जिंकले, आणि ते मी चार जणांत सांगितलंसुद्धा.

लग्न माघात झालं. आता गंमत बघा, त्यांच्याकडच्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे समुद्र. वऱ्हाड अर्ध्या बाह्यांच्या शर्टांत उतरलं. मुलाच्या मामांनी मला विचारलं, समुद्र इथून चालत किती लांब? सकाळी सगळे कुडकुडायला लागले, तेव्हा बाबूजींनी दुकानातून शालींचा गठ्ठा जानवशावर पाठवला. मला तर आणखीच चेव चढला, आपल्या थंडीत कुडकुडणाऱ्यांकडे कसला आलाय बर्फ! बहीण पहिल्या माहेरपणाला आली आणि फाल्गुनात मी तिला सोडायला गेले. तिथे लख्ख ऊन, पिवळी मोहरी. मी फोटो काढून बाबूजींना पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा तुमचा बर्फ." पावसाळा संपेपर्यंत तिला पंप क्वचितच लागला.

मग मार्गशीर्ष सरला आणि तिचे फोन आखूड होत गेले. आधी म्हणाली, आज ऊन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग म्हणाली, आठ दिवस झाले जीजी, समोरच्या घराचं दार दिसत नाही. मी फोनवर दोन्ही गावांचं हवामान बघायला लागले. पहाटेचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक दुपारचा होता. आमच्याकडे दुपारी स्वेटर खुंटीला जातो. तिच्याकडे दुपार होतच नव्हती. धुकं दिवसभर तसंच, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि शेकायला दारोदार पेंढा पेटवलेला, त्याचा धूर धुक्याखाली दबून घरात येणारा. दम्याला याहून वाईट काय असतं? मी बर्फ शोधला होता, तो नाही म्हणून खूश झाले होते. धुकं शोधायचं मला सुचलंच नाही.

माझं कशात लक्ष लागेना. गच्चीवर जाऊन उन्हात बसावं तर बसवेना, खाली यायची, फोन बघायची, पुन्हा वर जायची. दूध दोनदा उतू गेलं. एका सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आता घरी आणलंय. मी लगेच बीरगंजला निघायचं ठरवलं. बाबूजी म्हणाले, "मी येतो सोबत." मी नको म्हटलं. दीड दिवस त्यांच्यासमोर बसायची माझी हिंमत नव्हती.

गाडी प्रयागराजच्या पुढे गेली आणि धुक्यात उभी राहिली. दुपारचे बारा वाजले तरी बाहेर काही दिसेना. मी दारापाशी जाऊन यायची, बसायची, परत उठायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, असंच असतं इथे पौषात. शाळेतल्या पोरालाही माहीत असेल, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं. मला एवढा राग आला, त्यांचा नाही, माझाच.

बहीण खोलीत रजाई ओढून बसली होती. चेहरा एवढासा झालेला. बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होती. तिला कायमचं घेऊन जायचं असंच मी ठरवून आले होते. पुढचं पुढे बघू.

"कपडे भर," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालं हे सगळं. मी भांडले नसते तर बाबूजींनी हो म्हटलंच नसतं."

तिने मान हलवली. "मला माहीत होतं, जीजी."

"काय माहीत होतं?"

"धुक्याचं. बघायला आले होते ना, तेव्हा यांनी पहिलं तेच सांगितलं. पौषात पंधरा-पंधरा दिवस ऊन नसतं, तुला दमा आहे असं कळलं, नीट विचार कर म्हणाले."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते," ती म्हणाली, "तर तू भांडायची थांबली असतीस."

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं. महिनाभर मी स्वतःला खात होते, आणि ही बया लग्न ठरताना शेजारी बसून मला नकाशे दाखवू देत होती. पण तिला खोकल्याची उबळ आली आणि मी तिची पाठ धरली. हाताखाली बरगड्या जोरजोरात वरखाली होत होत्या. सासू पळत वाफेचं भांडं घेऊन आली, नवरा डोक्यावरचं पांघरूण धरून उभा राहिला, कुणाला काही सांगावं लागलं नाही. ती शांत झाल्यावर मी पुन्हा विचारलं, येतेस? ती नाही म्हणाली.

चौथ्या दिवशी मी एकटीच निघाले. ती दारापर्यंत आली नाही. बाहेर धुकं होतं, मीच तिला आत बस म्हटलं.