मावशीची बेगमी

माझी मावशी तीस वर्षं इस्पितळात चादरी शिवायची. मधोमध विरलेली चादर ती उभी फाडायची, कडा आत घेऊन जोडायची. ती चादर मग आणखी दोन वर्षं निघायची. बरोबरच्या बायका तिला मुंगी म्हणत. काका मात्र सरळ चिकट म्हणायचे.

"चिकट नाही हो, बेगमी करते," ती म्हणायची. "चिकट माणसाचा हात सुटत नाही. मी पुढचं बघून राखून ठेवते, एवढंच."

निवृत्त झाली त्याच वर्षी पोटात गाठ निघाली. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. कळा थोपवायला डॉक्टरांनी दिवसाला चार गोळ्या लिहून दिल्या. त्या इस्पितळातच मिळत, बाहेरच्या दुकानात नाही. मावशी दोनच घ्यायची. उरलेल्या दोन ती बटणांच्या डब्यात टाकायची.

काकांच्या हाती तो डबा लागला तेव्हा ते भडकलेच. "अगं, कळा सोसून गोळ्या कसल्या साठवतेस? लोणचं घालायचंय?"

"तिथला साठा कधी आटेल नेम नाही," ती भिंतीला टेकून म्हणाली. "तीस वर्षं बघितलंय मी. आज सोसवतंय तोवर सोसते."

ती म्हणाली तस्संच झालं. औषधाच्या खिडकीवर 'शिल्लक नाही' अशी पाटी लागली. काका रोज हेलपाटे घालायचे आणि हात हलवत परत यायचे. सतरा दिवस त्या डब्यानं निभावून नेलं.

"चुकलो गं," गोळी देताना एकदा काका म्हणाले.

"आली म्हणायची अक्कल," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

अठराव्या दिवशी डबा संपला. पाटी तशीच. पुढचे पाच दिवस मी तिथंच होते, पण त्याबद्दल मला फारसं बोलवत नाही. ती उशीचा कोपरा दातांत धरायची. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

काका शिवणाच्या खोलीत कळवायला गेले, मी बरोबर होते. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मुंगीला सगळं आधी कळायचं हो."

"तिला कळायचं," काका म्हणाले. "औषधाच्या खिडकीमागच्यांना कळायला काय झालं होतं?"



येताना वाटेत काकांनी साबणाच्या सहा वड्या घेतल्या. एकट्याला एवढ्या कशाला, असं मी विचारलं नाही.