हात मागे

प्रयोगशाळेत कुणीही टेबलाजवळ आलं की बाई म्हणायच्या, “हात मागे!” उमेदीची वर्षं त्यांनी वनस्पतींच्या संप्रेरकांवर काढली होती. रोज कुरवाळलेलं रोप खुजं राहतं, हे नव्या माणसाला त्या आधी सांगत. नाव नंतर विचारत. पुढे त्या लाळग्रंथींकडे वळल्या, तरी सवय तीच. पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्वतःच ठेवत. आमच्यावर विश्वास नव्हता, आणि मला त्याचा रागही यायचा.

त्यांच्या औषधाने ग्रंथीला लाळ सोडण्याचा इशारा मिळे आणि आत घातलेल्या रंगामुळे पेशी पडद्यावर चमकत. ते बघायला खराडीतल्या नव्या काचेच्या इमारतीतून एका कंपनीची माणसं आली. बाई बशी उचलता उचलता थांबल्या. मला म्हणाल्या, “तुम्ही ठेवा.”

मी औषध घातलेली बशी ठेवली. पडदा काळाच राहिला. आमचे साहेब खाकरले. “अहो बाई, नेहमीसारखं तुम्हीच दाखवा ना.”

“दाखवते.” त्यांनी औषध न घातलेली बशी उचलून ठेवली. पडदाभर पेशी लखलखल्या.

“औषधाचा काही संबंध नाही,” त्या म्हणाल्या. “माझा हात थरथरतो. पेशींना तोच इशारा वाटतोय.”

पाहुण्यांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बशी मी उचलली. बाई शेजारी उभ्या होत्या. दोन्ही हात पाठीमागे, एकाने दुसरा घट्ट धरलेला.