ज्वारी उडाली तो दिवस

परवा नातसुनेची ज्वारीची भाकर तव्यावर टम्म फुगली आणि त्या वासासरशी मी इंझोरीच्या शेतात जाऊन पोहोचले. मोठ्या लढाईची, धान्यटंचाईची वर्षं होती आणि मी नवी सून. ज्वारी निघाली की आमच्याकडे बायका उंदरांची बिळं खणत आणि त्यांनी पळवलेली कणसं घरी आणत.

मी कुदळ मारली. टोपलीभर कणसं निघाली आणि त्यांच्यामागून एक धामण. पोटात नुकत्याच गिळलेल्या उंदराचा फुगवटा. मी कुदळ उगारली, तसं माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, मनगट धरलं.

“मारू नोको व माय. थे आपली राखण करून राह्यली.”

धामण शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेली नसेल, तोच वरून सापमार गरुड दगडासारखा कोसळला आणि तिला पंजात घेऊन उंच गेला. आत्याबाई कपाळावर हात धरून बघत राहिल्या.

“पाय व माय, आपली ज्वारी कशी उडून चालली.”

मीही वर पाहिलं. मी पेरलेले दाणे, त्यांत चार महिने मुरलेलं ऊन, शेतभर डोलणारी कणसं. आणि त्या सगळ्याचा वर उरलेला एवढासा ठिपका!

निघताना आत्याबाईंनी पाच कणसं बिळात परत टाकली.

“काहून?”

“त्या गरुडाले उपाशी ठेवतं काय?”

तेव्हा वाटलं, बाईचं डोकं फिरलं. आता भाकर मोडण्याआधी माझी नजर आभाळाकडे जाते.