बाहेरचा एक डाव

भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळी हयात लिफ्टखालच्या खड्ड्यात, ग्रीसमध्ये हात बरबटून गेली. बोलणं जेमतेम. ताई म्हणायची, "यांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा भिंतीतला खिळा काढणं सोपं!"

संध्याकाळी मात्र बुद्धिबळाचा पट मांडायचे. ताई पांढरी, भावजी काळे, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं: सिसिलियन बचाव. तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की हे उंटापुढचं सरकवणार.

"बचाव कसला डोंबलाचा! भांडण उकरून काढायची हौस नुसती," ताई चिडायची. भावजी मिशीत हसायचे.

पुढे आजारपणात ताईचे दोन्ही हात लुळे पडले. डाव थांबला नाही. ती चाल सांगायची, भावजी तिचा मोहरा उचलून ठेवायचे आणि मग आपला खेळायचे. जाण्याआधी तिनं बजावलं, "माझ्यामागं कोंडून घेऊ नका. बाहेर एक तरी डाव जिंकून दाखवा."

तेवढ्यासाठी त्यांनी स्पर्धेत नाव घातलं. एकेक करून सगळे डाव हरले. आता शेवटचा. समोर एक शिक्षिका, पांढऱ्या बाजूनं. हॉल गारठलेला, म्हणून चाल झाली की बाईंचे हात परत कोटाच्या खिशात. त्या विचारात असताना भावजींनी त्यांचाच घोडा हलवला. पंच धावत आले.

"काका, समोरच्यांचे मोहरे हलवायचे नाहीत. पुन्हा झालं तर डाव गेला."

"चुकलं," भावजी ओशाळून म्हणाले.

पण नंतर काय खेळले! मी दोरीपलीकडे श्वास रोखून उभा. बाईंच्या राजाला शह बसला. सुटायला एकच घर, आणि तिथं गेला की पुढच्या चालीत मात. बाई खिशात हात घालून स्तब्ध.

भावजींनी बाईंचा राजा अलगद उचलला आणि कोपऱ्यातल्या घरात ठेवला.

पंचांनी घड्याळ थांबवलं. "डाव गेला, काका."

"अहो, जिंकलाच होतात की! का हलवलात?" बाई हळहळल्या.

भावजी पटावरची नजर न काढता म्हणाले, "आत्ताच म्हणालीस ना, कोपऱ्यात ठेवा म्हणून?"

परक्या बाईला एकेरीत बोलणारा हा माणूस नव्हे. आणि बाई तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी मान वर करून बाईंचा चेहरा पाहिला. ताईला पोचवून आलो तेव्हाही गप्प राहिलेले भावजी भर हॉलमध्ये हमसून हमसून रडायला लागले.