उदारामच्या पिंडाला कावळा शिवेना

कामठ्याच्या उदारामला मोठेपणा सांगायची फार हौस. पंचावन्न साली तो कलकत्त्याला धानाची गिरणी पाहायला निघाला, तेव्हा नागपूरहून विमानानं जाणार हे त्यानं गावभर सांगितलं. मी गावच्या शाळेत मास्तर; माझ्या वर्गात येऊन पोरांनाही सांगून गेला.

बायको रुख्मा दारातच म्हणाली, "तुमाले झाडावर चढाले भेव लागते, अन् विमानात बसनार!"

"पायशीन तू, बसतो का नाही!" म्हणून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या दुकानात रेडिओवर बातमी आली. कलकत्त्याला जाणारं विमान इंजिनाला आग लागून पडलं, कोणी वाचलं नाही. धाकटा भाऊ टिकाराम नागपूरला धावला. प्रेतं ओळखण्याजोगी उरली नव्हती. उदाराम विमानात चढला होता का, हे मात्र त्यानं कुणाला विचारलंच नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट विचारायची कशाला? पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला.

दहाव्याला तळ्याच्या पाळीवर पिंड ठेवले. कावळे झाडावरून हलेनात. टिकारामनं हात जोडले, "दादा, गावात धानाची गिरणी टाकतो." तरी नाही. शेवटी रुख्मा पुढे झाली.

"मी टोमना मारला म्हनून तुमी चढले. चुकलं माझं. तुमी भेकड नव्हते जी!"

मागून आवाज आला, "कोन मेला गा?"

छत्री घेऊन उदाराम उभा!

पळापळ थांबल्यावर भटजींनी निर्णय दिला. पुतळा जाळला म्हणजे माणूस गेला. आता त्याचं बारसं करायचं, मग याच बायकोशी लग्न. चाळिशीच्या उदारामच्या कानात नाव सांगून झालं. मांडव पडला, अंतरपाट हटला; पण रुख्मानं माळ हातातच धरली.

"आंधी सांगा, विमानात काऊन नाही बसले?"

सारं गाव कान टवकारून.

"तिकीट…"

"खरं सांगा. नाही त माळ ठेवतो खाली."

"भेव वाटलं वो," उदाराम पुटपुटला. "पंखा फिराले लागला, तसा मी मागं फिरलो. रेल्वेनं गेलो. गोंदिया टेसन आलं तवा कोनी वळखू नये म्हनून तोंडावर चादर घेऊन निजलो."

मांडव हसून लोळला. रुख्माला मात्र रडू फुटलं. माळ घालून म्हणाली, "असेच भेत जा जी."

पंगत बसण्याआधी ती विमानातल्या माणसांसाठी भाताचं पान घेऊन पाळीवर गेली. उदारामही गुपचूप मागोमाग गेला. तिनं पान ठेवलं न ठेवलं, तोच कावळा उतरला.