सहादूचं होल्ड ऑन

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. सायखेड्यात सहादूचं किराणा दुकान होतं आणि गल्लीतला एकुलता एक फोन त्याच दुकानात. गल्लीतल्या सगळ्यांनी पाव्हण्यारावळ्यांना नंबर दिलेला तोच. फोन आला की सहादू ऐटीत म्हणायचा, "होल्ड ऑन." म्हणजे फोन ठेवू नका, थांबा, माणूस बोलावून आणतो. अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. किती वेळ थांबवायचं, तेवढं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. टोपी घालून निघायचा, वाटेत एकाच्या कांद्याची, दुसऱ्याच्या व्याह्याची चौकशी करायचा. नाशिकच्या इंदिरानगरचे पाव्हणे तर शहाणे झाले होते. होल्ड ऑन ऐकलं की फोन ठेवायचे आणि जेवण उरकून पुन्हा लावायचे.

घरातही तेच. बायको नवसाबाईनं जेवायला हाक मारली, होल्ड ऑन. गिऱ्हाइकानं साखर मागितली, होल्ड ऑन.

"मला तर लगीन झाल्यापासून होल्डवरच ठेवलंय," नवसाबाई म्हणायची.

एका दुपारी नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. शेजारच्या अंबूबाईच्या छायाला नर्सिंग शिकायला जागा मिळत होती, पण होकार आत्ताच हवा. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. छाया मळ्यात टोमॅटो तोडत होती. सहादूनं "होल्ड ऑन" म्हणून टोपी उचलली, ती नवसाबाईनं हिसकावून घेतली.

"तुमी गेले तर पोरीची जागा पारावरच्या गप्पांतच जाईल. मी जाते. तुमी बाईला बोलण्यात गुंतवा."

सहादूनं बिचकत फोन पुन्हा कानाला लावला. लोकांना थांबवून आपण निघून जायचं, एवढाच त्याचा सराव.

"बाई, हाय ना?"

"आहे. पण लवकर करा, काका."

"आलीच ती. तवर आमच्या म्हशीचं ऐका. पुरात गेली ना ती, पार करंजगावाकडं..."

"काका, मला अजून बरेच फोन करायचेत."

"होल्ड ऑन, बाई. म्हैस अजून पाण्यातच हाय."

बाईंना हसू आलं. फोन काही ठेवला नाही. म्हैस एका बाभळीला अडकली, गावातले चार पट्टीचे पोहणारे पाण्यात उतरले, आणि सहादू अगदी रंगात आला असताना छाया धापा टाकत दुकानात शिरली. चिखलाच्या हातानंच तिनं फोन घेतला.

"हो मॅडम. येते मी. नक्की येते."

तिनं फोन खाली ठेवला आणि दारात उभ्या नवसाबाईच्या गळ्यात पडून रडू लागली.

सहादूचं तोंड एवढंसं झालं. "अगं, ठेवला कशाला? म्हैस काढायची राहिली ना."